श्रद्धा आणि आज्ञापालन : पंडिता रमाबाईंच्या पत्रांच्या निमित्ताने

ख्रिस्ती धर्म हा श्रद्धेचा धर्म आहे, कर्माचा नव्हे, असे एक ठोकळेबाज विधान आपण पुष्कळदा ऐकतो. धर्मांच्या तौलनिक अभ्यासावरील पुस्तकांत ते असते. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत तर असतेच असते. विधान अगदीच खोटे आहे असे नाही. परंतु ज्याने मत्तयकृत शुभवर्तमान एकदा तरी उघडून पाहिले आहे त्याला ते तसेच्या तसे पटणार नाही. डोंगरावरील प्रवचनात येशूने आज्ञांमागून आज्ञा दिल्या आहेत. शत्रूवर प्रीती करा, शपथ वाहू नका, दान गुप्तपणे द्या, दुसऱ्याचा न्याय करू नका. आणि प्रवचन संपवताना त्याने असेही बजावले आहे, की नुसते माझे नाव घेणाऱ्याला नव्हे, तर माझ्या पित्याच्या इच्छेप्रमाणे वागणाऱ्यालाच स्वर्गाच्या राज्यात प्रवेश मिळेल. मग केवळ विश्वासाने तारण होते ह्या सिद्धांताचे काय करायचे? विश्वास आधी की आज्ञापालन आधी? आणि आज्ञा पाळायची, ती नेमकी कोणाची?

ह्यांपैकी पहिल्या प्रश्नावर ग्रंथांचे ढीग लिहिले गेले आहेत. दुसऱ्याकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही, आणि माझ्या मते खरी अडचण तेथेच आहे. म्हणून पहिल्याचा विचार थोडक्यात करून दुसऱ्याकडे वळू.

आपल्या भाषेत 'ऐकणे' ह्या क्रियापदाचे दोन अर्थ होतात. 'गाणे ऐकले' म्हणजे कानांनी ऐकले. 'पोरगा ऐकत नाही' म्हणजे त्याचे कान शाबूत आहेत, पण तो सांगितल्याप्रमाणे वागत नाही. बायबलच्या मूळ भाषांतही हीच सोय आहे. हिब्रूतील 'शमा' ह्या धातूत श्रवण आणि पालन हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. यहुदी लोकांची रोजची प्रार्थना त्याच शब्दाने सुरू होते. नव्या करारातील ग्रीकमध्ये आज्ञापालनाला 'हुपाकोए' म्हणतात आणि तो शब्दही 'ऐकणे' ह्या अर्थाच्या धातूपासूनच बनला आहे. म्हणजे आज्ञापालन ही विश्वासाला मागाहून चिकटवलेली वेगळी वस्तू नव्हे. कोणाचा तरी आवाज ओळखीचा वाटणे, तो विश्वासार्ह वाटणे आणि त्याबरोबर पाऊल उचलले जाणे, ही एकच हालचाल आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आरंभी आणि अखेरीस पौलाने विश्वास व आज्ञापालन हे दोन शब्द एकाच पदबंधात गुंफले आहेत. श्रद्धा आणि कर्म ह्यांची फारकत करणारा म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवले जाते तोच हा पौल, हे विसरता कामा नये.

पौल आणि याकोब ह्यांच्यातील तथाकथित भांडणही असेच आहे. दोघेही अब्राहामाचा दाखला देतात. पौल म्हणतो, अब्राहाम विश्वासाने नीतिमान ठरला. याकोब म्हणतो, तो कृतींनी ठरला. मार्टिन ल्यूथरला हा विरोध इतका खटकला, की १५२२ साली नव्या कराराचे जर्मन भाषांतर प्रसिद्ध करताना त्याने याकोबाच्या पत्राला इतर पत्रांच्या मानाने गवताच्या काडीची किंमत दिली. परंतु दोघांनी अब्राहामाच्या आयुष्यातील वेगवेगळे प्रसंग निवडले आहेत, हे मूळ कथा पाहिली की ध्यानात येते. पौलाच्या डोळ्यांसमोर उत्पत्तीचा पंधरावा अध्याय आहे. तेथे निपुत्रिक अब्राहाम आकाशातील तारे पाहतो आणि मिळालेल्या वचनावर भरवसा ठेवतो; त्याच्या हातून अजून काहीच घडलेले नाही. याकोबाच्या डोळ्यांसमोर बाविसावा अध्याय आहे. तेथे तोच अब्राहाम इसहाकाला घेऊन डोंगर चढतो. मधे बरीच वर्षे गेली आहेत. बीजाविषयी बोलणारा आणि फळाविषयी बोलणारा ह्यांच्यात वाद लावून देण्यात टीकाकारांना रस असेल. त्या दोघांना असण्याचे कारण दिसत नाही. खुद्द ल्यूथरनेही त्याच वर्षी रोमकरांस पत्राच्या प्रस्तावनेत श्रद्धेचे वर्णन स्वस्थ बसू न शकणारी, सतत काही चांगले करीत राहणारी शक्ती असेच केले आहे.

इसहाकाच्या कथेमुळे मात्र एक गैरसमज पसरतो. अब्राहाम तेथे एक चकार शब्द काढत नाही, म्हणून श्रद्धावंताचे आज्ञापालन हे मुकाट्याने आणि डोळे मिटून व्हायला हवे, असे पुष्कळांना वाटते. पण ह्याच अब्राहामाने अठराव्या अध्यायात सदोम नगराच्या बाबतीत देवाशी चक्क घासाघीस केली आहे. पन्नास नीतिमान सापडले तर नगर वाचवशील का? पंचेचाळीस? चाळीस? असे करीत करीत तो दहांवर येतो, आणि देव प्रत्येक वेळी त्याचे ऐकून घेतो. येशूनेही गेथशेमाने बागेत आपल्यापुढचा प्याला टळावा अशी आधी विनवणी केली आणि मगच पित्याच्या इच्छेला होकार दिला. मत्तयाच्या एकविसाव्या अध्यायातील दोन मुलांचा दृष्टांतही येथे आठवावा. बाप द्राक्षमळ्यात काम करायला जा म्हणतो. एक मुलगा 'नाही जात' म्हणतो आणि नंतर पस्तावून जातो. दुसरा नम्रपणे 'जातो' म्हणतो आणि जात नाही. येशूचा कौल नकार देऊन गेलेल्या मुलाच्या बाजूने पडला. तेव्हा प्रश्न विचारणे, हुज्जत घालणे, प्रसंगी 'नाही' म्हणणे हे बायबलच्या लेखी अश्रद्धेचे लक्षण नाही.

पण बायबलातील अब्राहामाला देवाचा आवाज थेट ऐकू येतो. सामान्य ख्रिस्ती माणसाला तो तसा येत नाही. तो शास्त्रातून येतो, उपदेशातून येतो, ख्रिस्तमंडळीच्या परंपरेतून येतो, वडीलधाऱ्यांच्या सल्ल्यातून येतो. ह्या सर्वांच्या आवाजात देवाचा आवाज किती आणि त्यांचा स्वतःचा किती, हे कोणी ठरवायचे? ह्या प्रश्नाचा इतका प्रामाणिक आणि इतका उघड झगडा मी आणखी कोठे वाचलेला नाही, जितका पंडिता रमाबाईंच्या पत्रव्यवहारात वाचला. हा पत्रव्यवहार सिस्टर जेराल्डिन ह्यांनी जतन व संकलित केला होता, अ. भि. शहा ह्यांनी संपादिलेला तो ग्रंथ महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली इंग्रजीत प्रसिद्ध केला. आपल्याकडे रमाबाईंवर बोलणारे पुष्कळ आहेत. ही पत्रे वाचणारे फार थोडे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे मोठे पंडित. पत्नीला संस्कृत शिकवले म्हणून त्यांना उडुपी येथे विद्वानांच्या सभेपुढे आपली बाजू शास्त्राधारे मांडावी लागली होती. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. भावाबरोबर पायी हिंडत रमाबाई १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचल्या आणि तेथे त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' ह्या पदव्या मिळाल्या. पुढे भाऊ गेला, लग्न झाले, आणि दोन वर्षांच्या आतच पतीचाही मृत्यू झाला. १८८२ साली पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज काढला. वैद्यकीय शिक्षण घ्यावे म्हणून १८८३ मध्ये त्या लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे वैद्यकीचा बेत सोडावा लागला. वाँटेज येथे अँग्लिकन पंथाच्या सेंट मेरी भगिनीसंघात त्या राहिल्या. ह्या संघाच्या भगिनींशी त्यांची ओळख पुण्यातच झाली होती. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. रमाबाई तेव्हा पंचवीस वर्षांच्या होत्या.

सिस्टर जेराल्डिन ह्या त्यांच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना 'आजीबाई' म्हणत. पत्रांतून माया ओसंडते, आणि त्याच पत्रांतून खडाजंगीही चालते. १८८४ पासून रमाबाई चेल्टनहॅम येथील लेडीज कॉलेजात शिकत होत्या आणि संस्कृतही शिकवीत होत्या. तेथे पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवण्याचा प्रश्न १८८५ मध्ये निघाला. सिस्टर जेराल्डिन ह्यांनी हिंदुस्थानातील बिशपांचा सल्ला घेतला. लाहोर आणि मुंबई येथील बिशपांचे मत प्रतिकूल पडले. पुरुषांना शिकवणाऱ्या स्त्रीविषयी हिंदुस्थानात गैरसमज होईल आणि तिच्या पुढील कार्याला बाध येईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. धर्ममातेचा सल्ला, बिशपांचा कौल. नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्या मुलीने 'बरे' म्हणावे अशीच सर्वांची अपेक्षा असणार.

रमाबाईंचे उत्तर वाचताना आजही अंगावर रोमांच उभे राहतात. त्यांचा मुद्दा असा, की माझ्या आईने तरुणांना शिकवले त्याला माझ्या वडिलांची हरकत नव्हती, मी शिकवले त्याला माझ्या पतीची नव्हती. आणि आता इंग्लंडातल्या माणसांनी हरकत घ्यावी ह्याचे मला नवल वाटते. उडुपीच्या सभेपुढे उभ्या राहिलेल्या अनंतशास्त्र्यांची ही मुलगी! प्रश्न केवळ शिकवण्याचा नाही हे त्यांनी लगेच ओळखले. एका पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले आहे, ते दुसऱ्या पुरोहितवर्गाचे जू चढवून घेण्यासाठी नव्हे. धर्माधिकाऱ्याच्या तोंडून आलेला प्रत्येक शब्द परमेश्वराची आज्ञा म्हणून मी स्वीकारणार नाही. मला सदसद्विवेकबुद्धी आहे आणि ती वापरण्याचा मला अधिकार आहे, असे त्यांच्या म्हणण्याचे सार आहे. त्याच वेळी ख्रिस्ताची आज्ञा मोडण्याचा आपला मुळीच विचार नाही, हेही त्या तितक्याच स्पष्टपणे सांगतात.

मतभेद तेवढ्यावरच थांबले नाहीत. त्रैक्याचा सिद्धांत, ख्रिस्ताचे देवत्व, अथनेशियसच्या नावाने चालणारे मतांगीकारपत्र ह्यांविषयी त्यांना शंका होत्या. जे मला बायबलात सापडत नाही ते केवळ चर्च सांगते म्हणून मानायला मी तयार नाही, ही त्यांची भूमिका. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, असाही त्यांचा प्रश्न होता. मांसाहार त्यांनी केला नाही तो नाहीच. ह्या साऱ्यात सिस्टर जेराल्डिन ह्यांना अहंकार दिसला, जुन्या जातीचा अभिमान अजून गेला नाही असे वाटले. चेल्टनहॅमच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील ह्यांनी मात्र वेगळा मार्ग धरला. त्यांनी रमाबाईंच्या शंकांना पत्रामागून पत्र लिहून धीराने उत्तरे दिली. शंका ही पाप आहे असे कोठेही सुचवले नाही. शिक्षकी पेशातील वाचकांनी ही पत्रे मुद्दाम वाचावीत.

सिस्टर जेराल्डिन ह्यांच्यावर मात्र अन्याय होऊ नये. त्यांना हटवादी ठरवून मोकळे होणे सोपे आहे. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ह्या तीन व्रतांवर त्यांचे सारे जीवन उभे होते. वरिष्ठांची आज्ञा पाळणे ही त्यांच्या दृष्टीने गुलामी नव्हती. आपल्या मनाच्या लहरींपासून सुटण्याचा तो मार्ग होता. माणूस स्वतःच्या इच्छेलाच देवाचा आवाज समजून फसतो, म्हणून बाहेरून कोणीतरी 'थांब' म्हणणारे हवे, ही जाणीव ख्रिस्ती मठपरंपरेत फार जुनी आहे आणि ती खोटी नाही. सदसद्विवेकबुद्धीचे नाव घेऊन किती अविवेक घडतात हे आपण रोज पाहतोच. आपल्याविरुद्ध जाणारी पत्रेही ह्या बाईंनी जपून ठेवली, ही गोष्टसुद्धा त्यांच्याविषयी पुष्कळ काही सांगते. त्यांची चूक, माझ्या मते, एवढीच, की त्यांनी स्वतः राजीखुशीने घेतलेले व्रत दुसरीवर गृहीत धरले. तिने विश्वास स्वीकारला होता, व्रत नव्हे.

विश्वास तरी तिने पुरता स्वीकारला होता का? ह्या प्रश्नाचे उत्तर रमाबाईंनीच पुढे दिले आहे, आणि ते चकित करणारे आहे. १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात, की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी, म्हणजे १८९१ च्या सुमारास, विल्यम हॅस्लम ह्या इंग्लिश धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र वाचताना त्यांना उमगले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त तो सापडला नव्हता. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढून १८९० मध्ये त्यांनी ते पुण्यास हलवले होते. म्हणजे सेवेचे काम आधीच सुरू झालेले होते. ज्या श्रद्धेतून ते निघायला हवे असे ग्रंथ सांगतात, ती पुरतेपणी नंतर आली. पौलाच्या बीज-फळाच्या क्रमात हे बसत नाही. पण जगण्यात असे घडते. दीट्रिख बॉनहॉफर ह्या जर्मन धर्मशास्त्रवेत्त्याने १९३७ साली, नाझी सत्ता आज्ञाधारकपणाचा राष्ट्रीय सद्गुण म्हणून उदोउदो करीत असताना, ह्याच गोष्टीवर बोट ठेवले होते. श्रद्धेतून आज्ञापालन निघते हे त्याला मान्य होते. परंतु पहिले पाऊल टाकल्यावाचून श्रद्धा शक्यच होत नाही, ही दुसरी बाजूही त्याने तितक्याच आग्रहाने मांडली. त्या सत्तेला त्याने 'नाही' म्हटले आणि ९ एप्रिल १९४५ रोजी तो फासावर गेला.

रमाबाईंकडे परत येऊ, कारण त्यांची खरी कसोटी पुण्यातच लागली. शारदा सदनाने धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचे आश्वासन दिले होते. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर ह्यांच्यासारखी माणसे त्याच्या सल्लागार मंडळात होती. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, आणि काही मुली येऊन बसत. दार लावून घ्यावे असे सुचवले गेले. त्यांनी नकार दिला. मी कोणाला बोलावत नाही, पण येणाऱ्याला अडवणारही नाही, आणि स्वतःचा धर्म लपवणार नाही. 'केसरी'ने कडक टीका केली. १८९३ च्या ऑगस्टमध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

वाँटेजमधील रमाबाईंच्या बाजूने उभे राहणे आपल्याला सोपे जाते. येथे तसे जात नाही. ज्या पालकांनी तटस्थतेच्या शब्दावर विसंबून मुली पाठवल्या त्यांचाही काही हक्क होता. सल्लागारांची तक्रार केवळ सनातनीपणाची होती असे म्हणता येणार नाही. रानडे-भांडारकरांना सनातनी कोण म्हणेल? इंग्लंडात चर्चचा अधिकार नाकारताना रमाबाई स्वतःच्या आत्म्यापुरते बोलत होत्या. पुण्यात त्यांच्या निष्ठेचा परिणाम पंधरा-सोळा वर्षांच्या आश्रित मुलींवर होत होता, आणि आश्रिताच्या मनाला आश्रयदात्याचे उघडे दारसुद्धा निमंत्रणासारखे वाटू शकते. उलट बाजूने असेही विचारता येईल, की दार लावून केलेल्या प्रार्थनेने त्या मुलींना कोणता धडा मिळाला असता? आपली श्रद्धा लोकांच्या भीतीने झाकून ठेवावी, हाच ना? रमाबाईंनी देवाचे ऐकले आणि माणसांचे ऐकले नाही, असे म्हटले की कथा संपत नाही. माणसांना दिलेला शब्द हाही देवापुढेच दिलेला असतो. हा पेच त्यांनी सोडवला असे मला वाटत नाही. त्यांनी त्यातली एक बाजू निवडली आणि तिची किंमत मोजली.

पुढे १८९६-९७ चा दुष्काळ आला. ज्या बाईने आपले आईवडील दुष्काळात गमावले होते ती मध्य प्रांतात जाऊन उपाशी, निराधार मुलींना घेऊन आली. एक नव्हे, दोन नव्हे, शेकडो. केडगावच्या माळरानावर मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील मुलींची संख्या हजारावर गेली. हातात पुरेसा पैसा नसताना, सल्लागार मंडळ नसताना, कोणत्याही बिशपाची आज्ञा नसताना हे झाले. त्यांच्या श्रद्धेविषयी ज्यांना शंका होती त्यांच्याशी त्यांनी आता फारसा वादही घातलेला दिसत नाही. धान्य, विहिरी, कपडे, आजारी मुली ह्यांच्या व्यवस्थेत दिवस जात असणार.

ह्याच केडगावात त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. प्रचलित भाषांतर अर्धशिक्षित बायकांना कळत नाही, ही त्यांची तक्रार. संस्कृतचा प्रकांड व्यासंग असलेल्या ह्या पंडितेने मुद्दाम साधी, घरगुती मराठी निवडली. त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतली. जुळणी आणि छपाईचे काम मुक्ती सदनातल्याच छापखान्यात होई. चर्च सांगते म्हणून मानणार नाही, बायबलात असेल तर मानीन, असे पंचविशीतल्या रमाबाईंनी लिहिले होते. आता ते बायबल कोणत्याही भटाच्या वा पाद्र्याच्या मध्यस्थीवाचून केडगावच्या बाईला स्वतः वाचता यावे, अशी खटपट चालली होती. १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. शेवटच्या दिवसांपर्यंत त्या ह्या भाषांतराच्या कामात होत्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला.